शेपटीपलीकडची ओळख : आफ्रिकेच्या रानातील व्हायडा पक्षी

इतिहासाच्या वर्गात एक गोष्ट दरवर्षी नव्याने सांगावी लागते. एखादे नाणे सापडले आणि त्यावर राजाचे नाव आहे, एवढ्यावरून ते त्या राजाच्या काळातले असा निष्कर्ष काढता येत नाही. नाण्याचा धातू कोणता, वजन किती, अक्षरांचे वळण कसे, ते जमिनीच्या कोणत्या थरात सापडले आणि त्याच्यासोबत आणखी काय सापडले, हे सर्व पाहावे लागते. अनेक पुराव्यांपैकी एखादा फार ठळक असतो. तो ठळक असतो म्हणूनच बाकीच्या पुराव्यांकडे आपले लक्ष जात नाही आणि आपण फसतो.

हीच शिस्त रानातल्या पक्ष्याची ओळख पटवतानाही पाळावी लागते. आफ्रिकेच्या गवताळ, काटेरी झाडांच्या रानात, ज्याला सॅव्हाना म्हणतात तिथे, राहणारा ‘व्हायडा’ हा पक्षी याचे उत्तम उदाहरण आहे. चिमणीएवढे शरीर आणि शरीराहून लांब शेपटी, असे त्याच्या नराचे रूप. एकदा पाहिले की विसरता येत नाही. परंतु ही शेपटी वर्षातील काही महिनेच असते, ती फक्त नरालाच असते आणि तशीच शेपटी मिरवणारे दुसरे पक्षीही त्याच प्रदेशात असतात. शिवाय हा पक्षी स्वतः घरटे बांधत नाही, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. त्यामुळे घरट्यावरूनही त्याचा माग लागत नाही. मग त्याला ओळखायचे कसे?

नोकरी-व्यवसायानिमित्त पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना यातील एक जात घराच्या अंगणातही दिसू शकते. इथे राहणाऱ्या मुलांनी आणि पालकांनी हा पक्षी प्रत्यक्ष पाहिला नसला, तरी तो ओळखण्याची रीत त्यांनाही उपयोगी आहे. म्हणून हा पाठ दोघांसाठीही आहे.

नावाचा इतिहास

प्रारंभ नावापासून करू. शास्त्रीय परिभाषेत या पक्ष्यांच्या प्रजातीचे नाव ‘विदुआ’ असे आहे. ते कुव्हिए या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८१६ मध्ये योजले. ‘विदुआ’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ विधवा. मराठी वाचकाला हा शब्द ऐकताच ओळखीचा वाटेल, आणि ते योग्यच आहे, कारण लॅटिन ‘विदुआ’ आणि संस्कृत ‘विधवा’ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून आलेले आहेत. युरोपात पतिनिधनानंतर स्त्रीने काळा, मागे लोळणारा पायघोळ पोशाख करण्याची रूढी होती. त्या पोशाखाची आठवण या पक्ष्याच्या काळ्या, लांब शेपटीने युरोपीय लोकांना झाली.

आता यातील विसंगती पाहा. ही काळी शेपटी नराची आहे. तीही शोकाच्या काळात नव्हे, तर प्रियाराधनाच्या काळात उगवते. मादी तर वर्षभर साध्या तपकिरी पिसांत असते. आपल्या समाजातील बाईच्या दुःखाचा पोशाख एका नर पक्ष्यावर चढवून नाव ठेवणाऱ्यांनी पक्ष्यापेक्षा स्वतःच्या रूढीचीच नोंद करून ठेवली आहे.

इंग्रजी भाषेत या पक्ष्याला आधी ‘विडो बर्ड’ म्हणत. पुढे त्याचे ‘व्हायडा’ झाले. हा बदल पश्चिम आफ्रिकेतील एका बंदराच्या नावाच्या प्रभावाने झाला, असे कोशकार मानतात. ते बंदर म्हणजे आजच्या बेनिन देशातील विदा. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव व्हायडा असेच लिहिलेले आढळते. १७२७ मध्ये दाहोमी राज्याने ते जिंकले. त्याच्या आधीपासून आणि नंतरही एकोणिसाव्या शतकापर्यंत ते गुलामांच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. दहा लाखांहून अधिक माणसे या एका ठिकाणाहून जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेण्यात आली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. तेथील समुद्रकिनाऱ्यावर आज ‘पुन्हा न परतण्याचे दार’ या नावाची स्मारक-कमान उभी आहे.

एका लहानशा पक्ष्याच्या नावात अशा रीतीने दोन इतिहास मुरलेले आहेत. एक विधवेच्या पोशाखाचा आणि दुसरा माणसांच्या विक्रीचा. पक्ष्याचा यात काहीही दोष नाही. पण नाव म्हणजे ओळख नव्हे, हा पहिला धडा येथेच मिळतो. मराठीत त्याला ‘विधवा पक्षी’ म्हणण्याचा मोह टाळावा. या लेखात आपण ‘व्हायडा’ हेच नाव वापरू, मात्र त्याच्या मागचे विसरणार नाही.

कोणाचा कोण?

विदुआ प्रजातीत एकूण १९ जाती मानल्या जातात. त्यांपैकी ९ जातींच्या नरांना विणीच्या हंगामात लांब शेपटी येते. त्यांना व्हायडा म्हणतात. उरलेल्या १० जातींना ‘इंडिगो बर्ड’ म्हणतात. त्यांचे नर काळे, निळसर-जांभळट झाक असलेले आणि आखूड शेपटीचे असतात. या सर्व १९ जाती मूळच्या आफ्रिकेच्याच आहेत, आणि सर्वच दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांत अंडी घालतात.

परघरी अंडी घालणे आपल्याला नवे नाही. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, हे शाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पावसाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रात येणारा, डोक्यावर तुरा आणि मागे लांब शेपटी असलेला काळा-पांढरा चातक सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. लांब शेपटी आणि परके घरटे ही दोन्ही लक्षणे चातकाला लागू पडतात, तरी चातक आणि व्हायडा यांचे जवळचे नाते नाही. चातक कोकीळ कुळातला, किडे आणि सुरवंट खाणारा, किंचित बाकदार चोचीचा. व्हायडा दाणे टिपणारा, आखूड शंकूसारख्या चोचीचा. ज्यांच्या घरट्यांत तो अंडी घालतो ते पक्षी आपल्या मुनियांच्या कुळातले आहेत, आणि व्हायडाचे कूळ मुनियांच्या कुळाचे निकटचे आप्त आहे.

म्हणून रानात लांब शेपटीचा पक्षी दिसला, तर दुर्बीण आधी शेपटीवर न नेता चोचीवर न्यावी. आफ्रिकेत ‘पॅराडाइज’ हेच विशेषण लावलेला एक माशीमार पक्षीही आहे. आपल्याकडच्या स्वर्गीय नर्तकाचा तो भाऊबंद. त्याच्याही नराला फितीसारखी लांब शेपटी असते. पण त्याची चोच किडे पकडण्याची, पसरट. तो झाडांच्या सावलीत राहतो. व्हायडा मात्र उघड्यावरच्या झाडाच्या शेंड्यावर बसतो आणि खाण्यासाठी जमिनीवर उतरतो. चोच आणि बसण्याची जागा एवढ्या दोनच गोष्टी पाहिल्या तरी हा घोटाळा टळतो.

शेपटी पाहावी, पण घडण पाहावी

शेपटीकडे पाहूच नये असे नाही. ती किती लांब आहे यापेक्षा तिची घडण कशी आहे हे पाहावे. मुख्य जातींची लक्षणे अशी आहेत.

लांब शेपटीचा पॅराडाइज व्हायडा हा या गटातील सर्वांत प्रसिद्ध पक्षी. लिनियसने १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. इथिओपिया-सोमालियापासून केनिया, टांझानियामार्गे झिंबाब्वे, बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेपर्यंत बाभळीसारख्या काटेरी झाडांच्या कोरड्या रानांत तो आढळतो. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातही तो दिसतो. शरीर सुमारे १५ सेंटिमीटर, शेपटीसह लांबी ३३ ते ३८ सेंटिमीटर. नराचे डोके, पाठ आणि शेपटी काळी, मानेमागचा भाग फिकट पिवळसर, छाती तांबूस-विटकरी, पोट मलईसारखे आणि चोच काळी. शेपटीची मधली चार पिसे वाढलेली असतात. त्यांतील दोन आखूड, रुंद, उभी धरलेली आणि टोकाला सुताएवढी उघडी काडी असलेली. दुसरी दोन फार लांब आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली.

रुंद शेपटीचा पॅराडाइज व्हायडा वरच्या पक्ष्याशी इतका मिळताजुळता की दुरून फरक कळत नाही. याची लांब पिसे टोकापर्यंत रुंद राहतात, टोक बोथट असते आणि एकूण शेपटी काहीशी आखूड. मानेमागचा रंगही पिवळसर नसून अधिक तांबूस असतो. झांबिया, मलावी या भागांतील रुंद पानांच्या झाडांचे रान हे त्याचे ठिकाण.

टाचणीशेपट्या व्हायडा सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सर्वत्र, शेतात आणि बागांतही दिसतो. नर काळा-पांढरा, चोच प्रवाळासारखी लाल, शेपटीची चार पिसे अरुंद आणि लांब. स्वभावाने तापट. दाणे ठेवलेल्या ठिकाणी इतर पक्ष्यांना, आपल्याहून मोठ्यांनाही, हुसकावतो. मादीसमोर हवेत एका जागी वर-खाली नाचत राहतो.

काडीशेपट्या व्हायडा बोट्स्वाना, नामिबिया या कोरड्या प्रदेशांत असतो. त्याचा वरचा भाग काळा, खालचा सोनेरी-पिवळसर. शेपटीची चार पिसे म्हणजे जवळजवळ उघड्या काड्याच, फक्त टोकाला पळीसारखी रुंद. गवतकाडी-शेपट्या व्हायडा केनियातील सांबुरू, त्सावो अशा भागांत दिसतो. माथा आणि शेपटीच्या काड्या वाळल्या गवताच्या रंगाच्या, म्हणून हे नाव.

यानंतर सर्वांत मोठ्या घोटाळ्याकडे येऊ. ‘विडो बर्ड’ हे नाव आज इंग्रजीत दुसऱ्याच पक्ष्यांना चिकटले आहे. ते सुगरणीच्या कुळातले, युप्लेक्टिस प्रजातीचे पक्षी आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या नराची शेपटी सुमारे अर्धा मीटर लांब असते आणि काळ्या पंखांच्या खांद्यावर केशरी-लाल डाग असतो. हे पक्षी परजीवी नाहीत. ते स्वतःची घरटी बांधतात आणि मादी स्वतःची पिल्ले स्वतः वाढवते. मोकळ्या कुरणात, उंच गवतावरून जड शेपटी ओढत संथपणे उडणारा काळा पक्षी दिसला आणि त्याच्या खांद्यावर लाल रंग असला, तर तो व्हायडा नव्हे.

याच युप्लेक्टिस पक्ष्यावर मॅल्टे अँडरसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने केनियात केलेला प्रयोग १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने काही नरांच्या शेपट्या कापून आखूड केल्या आणि कापलेले तुकडे दुसऱ्या नरांच्या शेपट्यांना चिकटवून त्या लांब केल्या. काहींची शेपटी कापून जशीच्या तशी परत चिकटवली, तर काहींना हातच लावला नाही. लांब केलेल्या नरांच्या हद्दीत माद्यांची नवी घरटी अधिक झाली. माद्यांच्या पसंतीमुळे शेपटी लांबत जाऊ शकते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा ठरला. कापून परत चिकटवलेली शेपटी या प्रयोगात का हवी होती, हे विद्यार्थ्यांनी स्वतः विचार करून सांगावे. उत्तर सापडले की प्रयोग म्हणजे काय हे समजले असे मानावे.

शेपटी गळून गेल्यावर

दक्षिण आफ्रिकेत साधारणपणे डिसेंबर-जानेवारीपासून मे-जूनपर्यंत नर व्हायडा शेपटी मिरवतात. पूर्व आफ्रिकेत हा काळ तेथील पावसाप्रमाणे बदलतो. हंगाम संपला की लांब पिसे गळतात, काळा रंग जातो आणि तपकिरी, रेघारेघांची नवी पिसे येतात. वर्षाचा उरलेला काळ नर, मादी आणि तरुण पक्षी एकत्र थव्यांत, पाणवठ्यांवर आणि कापणी झालेल्या शेतांत दाणे टिपत फिरतात. दूरवरून पाहणाऱ्याला तो चिमण्यांचा थवा वाटतो. ज्याने शेपटीवरच भिस्त ठेवली, त्याच्या दृष्टीने पक्षी नाहीसा झालेला असतो. प्रत्यक्षात तो समोरच असतो.

या काळात पाहायचे ते डोके. व्हायडाच्या मादीच्या आणि हंगामाबाहेरील नराच्या डोक्यावर गडद आणि फिकट पट्टे असतात. माथ्याच्या मधोमध फिकट पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना गडद पट्टे, डोळ्यावर पुन्हा फिकट भुवई. सुगरण-कुळातील माद्याही तपकिरी आणि रेघांच्या असतात, पण त्यांच्या डोक्यावर इतके ठसठशीत पट्टे नसतात आणि चोच अधिक जाड असते.

त्यानंतर चोचीचा रंग पाहावा. टाचणीशेपट्या मादीची चोच एरवी लालसर आणि विणीच्या काळात काळसर असते. लांब शेपटीच्या पॅराडाइज व्हायडाच्या मादीची चोच गडद, तर रुंद शेपटीच्या जातीच्या मादीची त्यापेक्षा फिकट. लांब शेपटीच्या जातीच्या मादीच्या गालावर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी गडद खूण दिसते. यांपैकी एकेक लक्षण एकटे अपुरे आहे. दोन-तीन एकत्र जुळली तर बोलता येते.

तिसरी साक्ष वागण्याची. व्हायडा जमिनीवर दाणे शोधताना दोन्ही पायांनी एकदम पुढे उडी घेऊन मागे माती उकरतो. एखाद्या तपकिरी थव्यातील काही पक्षी असे उकरत असतील आणि बाकीचे नुसते टिपत असतील, तर उकरणाऱ्यांकडे अधिक लक्ष द्यावे.

ज्या घरात वाढला, त्या घराचे गाणे

आता सर्वांत महत्त्वाच्या पुराव्याकडे येऊ. तो डोळ्यांनी पाहण्यापेक्षा कानांनी ऐकावा लागतो.

बहुतेक व्हायडा जातींचा यजमान ठरलेला असतो. लांब शेपटीचा पॅराडाइज व्हायडा मेल्बा फिंच या पक्ष्याच्या घरट्यात अंडी घालतो. लाल चेहरा, हिरवट पाठ आणि पोटावर बारीक पट्टे असलेला हा सुंदर पक्षी मुनियांच्या कुळातला आहे. रुंद शेपटीच्या जातीचा यजमान मेल्बाचाच नातलग असलेला केशरी पंखांचा फिंच. काडीशेपट्याचा यजमान जांभळ्या गालांचा वॅक्सबिल. टाचणीशेपट्या मुख्यतः साध्या वॅक्सबिलच्या आणि त्याच्या जवळच्या जातींच्या घरट्यांचा उपयोग करतो.

युरोपातील कुक्कूचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडताच यजमानाची अंडी आणि पिल्ले घरट्याबाहेर ढकलते. व्हायडाचे पिल्लू तसे करत नाही. ते यजमानाच्या पिल्लांबरोबरच वाढते. त्यामुळे अन्नाची वाटणी होते आणि यजमानाला त्याची किंमत मोजावी लागते, तरी त्याचे घर सहसा पूर्ण उजाड होत नाही.

मुनिया कुळातील पिल्लांच्या तोंडात टाळूवर आणि चोचीच्या कडांवर ठिपके, रेघा आणि रंग यांची नक्षी असते, आणि ती प्रत्येक जातीची वेगळी. व्हायडाच्या पिल्लाच्या तोंडातील नक्षी आपल्या यजमानाच्या पिल्लांसारखी असते. जर्मन शास्त्रज्ञ युर्गेन निकोलाय यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे साम्य आणि नर व्हायडाच्या गाण्यात आढळणारे यजमानाचे गाणे या दोन्ही गोष्टी सविस्तर मांडल्या. नर व्हायडा मोठा झाल्यावर झाडाच्या शेंड्यावर बसून जे गातो, त्यात आपल्या जातीच्या आवाजांबरोबर ज्या पक्ष्याने त्याला वाढवले त्याच्या गाण्याचे सूरही असतात. मादीला तेच सूर ओळखीचे वाटतात, कारण तीही तशाच घरात वाढलेली असते.

हे गाणे जन्मजात आहे की शिकलेले? अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध इंडिगो बर्डच्या एका जातीवर घेतला. या जातीचा नेहमीचा यजमान लाल चोचीचा फायरफिंच आहे. त्यांनी बंदिस्त जागेत काही पिल्ले बंगाली फिंच या पाळीव पक्ष्याकडून वाढवून घेतली. आशियातील पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून माणसाने तयार केलेली ही पाळीव जात. २००० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता. त्या घरात वाढलेले नर बंगाली फिंचचे गाणे गाऊ लागले. त्या घरात वाढलेल्या माद्यांनी तेच गाणे गाणारे नर पसंत केले आणि अंडीही बंगाली फिंचच्याच घरट्यांत घातली. गाणे शिकलेले होते.

त्यामुळे रानातील निरीक्षकाला मोठी मदत होते. काळ्या इंडिगो बर्डच्या अनेक जाती डोळ्यांना जवळजवळ सारख्या दिसतात. पायांचा आणि चोचीचा रंग काही अंशी उपयोगी पडतो, पण तो कोणत्या यजमानाचे गाणे गातो हे ऐकले की ओळख बरीच पक्की होते. पॅराडाइज व्हायडाच्या सारख्या दिसणाऱ्या जातींनाही हीच कसोटी लावता येते. म्हणून व्हायडा ओळखायचा असेल, तर आधी मेल्बा फिंच, वॅक्सबिल, फायरफिंच या साध्या, लहान पक्ष्यांची गाणी शिकून घ्यावी लागतात.

या अभ्यासात पूर्वीचे एक मत बदलले, हेही सांगितले पाहिजे. यजमान आणि परजीवी यांच्या जाती युगानुयुगे जोडीने घडत आल्या, असे निकोलाय यांचे मत होते. २००३ मध्ये मायकेल सोरेन्सन, क्रिस्टिना सेफ्ट्स आणि रॉबर्ट पेन यांनी इंडिगो बर्डच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून या परजीवी जाती यजमान जातींपेक्षा बऱ्याच नव्या आहेत आणि नव्या यजमानाकडे वळल्यामुळे त्या घडल्या, असे दिसले. निकोलाय यांची निरीक्षणे टिकली, त्यांचे अनुमान सुधारले गेले. ज्ञानाच्या क्षेत्रात यात कोणाचाही अपमान नसतो.

यजमान बदलण्याचे एक उदाहरण आपल्या देशाशीही जोडलेले आहे. पिंजऱ्यातून सुटलेले टाचणीशेपटे व्हायडा अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात स्थायिक झाले आहेत. आफ्रिकेतील त्यांचा नेहमीचा यजमान तेथे हाताशी नव्हता. तेथे ते ठिपकेवाल्या मुनियेच्या घरट्यांत अंडी घालताना आढळले आहेत. ही मुनिया भारतात आणि आशियात मूळची. तीही पाळीव पक्ष्यांच्या व्यापारातून तेथे पोहोचलेली. दोन खंडांतून माणसाने नेलेले दोन पक्षी तिसऱ्या खंडात एका घरट्यात भेटले.

शब्दांची जबाबदारी

अशा पक्ष्यांविषयी बोलताना ‘लबाड’, ‘आयतोबा’, ‘घुसखोर’ असे शब्द सहज तोंडी येतात. ते टाळावेत. चोरी किंवा लबाडी यांसाठी नियम समजणारे आणि तो मोडण्याचा निर्णय घेणारे मन लागते. व्हायडाला घरटे बांधण्याचा पर्याय ठाऊक असून त्याने तो नाकारला, असे झालेले नाही.

उलट दिशेचा मोहही तितकाच धोक्याचा आहे. ‘जन्म कोणत्या अंड्यातून झाला याला महत्त्व नाही, संगोपनच सर्व काही’, असा बोध या पक्ष्यावरून काढावा असे कोणालाही वाटेल, निवासी शाळेत वाढलेल्यांना तर विशेषच. पण पुरावा तेवढाच नाही. गाणे शिकलेले आहे, हे खरे. तोंडातील नक्षी मात्र जन्मजात आहे, हेही खरे. सोयीचा अर्धा पुरावा उचलून उरलेला दडवणे हे अभ्यासकाचे काम नव्हे.

याहून महत्त्वाचे म्हणजे, माणसांनी परस्परांशी कसे वागावे याचा निकाल पक्ष्यांच्या वागण्यावरून लागत नाही. माणसामाणसांतील उच्चनीचता ‘निसर्गाचाच नियम’ आहे, असे सांगणारे लोक जगात सर्वत्र होऊन गेले. विदा बंदरातून माणसे विकणाऱ्या व्यापाराचे समर्थन करणाऱ्यांनीही असाच आधार घेतला, आणि आपल्या देशात जन्मावरून माणसाची जागा ठरवणाऱ्यांनीही तेच केले. समतेसाठी आपल्याला पक्ष्याच्या दाखल्याची गरज नाही. ती माणसाने विवेकाने स्वीकारायची आणि कायद्याने राखायची गोष्ट आहे. पक्ष्याला पक्षी म्हणून नीट पाहिले, तर पक्षीही कळतो आणि अशा खोट्या दाखल्यांपासून आपणही सावध राहतो.

नोंद कशी करावी

शेवटी प्रत्यक्ष कामाकडे येऊ. आफ्रिकेत असणाऱ्या वाचकांनी नोंदवहीत पुढील क्रम पाळावा. तारीख, वेळ आणि ठिकाण. रान कसले, काटेरी झाडांचे, रुंद पानांचे की नुसते कुरण. चोचीचा आकार आणि रंग. डोक्यावर पट्टे आहेत का. शेपटी असल्यास किती पिसे लांब आहेत आणि त्यांचे टोक कसे, निमुळते, बोथट, काडीसारखे की पळीसारखे. पाय उकरण्याची लकब. आसपास मुनिया कुळातील कोणते पक्षी आहेत. गाणे कोणासारखे. हे सर्व लिहून झाल्यावरच जातीचे नाव लिहावे. पुरावा अपुरा असेल तर ‘व्हायडा, जात अनिश्चित’ असे लिहावे. ही प्रामाणिक नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाची असते, कारण पुढे कोणी तीत भर घालू शकतो.

महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलांना याच रीतीचा सराव सुगरणीवर करता येईल. पावसाळ्यात सुगरणीचा नर पिवळाधमक माथा घेऊन विहिरीवरच्या फांदीला घरटे विणताना दिसतो. तोच नर हिवाळ्यात पिवळा रंग टाकून मादीसारखा तपकिरी होतो आणि थव्यात मिसळून जातो. जून ते सप्टेंबर या काळात आपल्या गावातील एक वसाहत निवडावी, दर आठवड्याला नराचे रंग आणि चोच यांची नोंद करावी, आणि पुढे डिसेंबर-जानेवारीत जवळच्या शेतातील थव्यात तोच पक्षी ओळखता येतो का ते पाहावे. ज्या विद्यार्थ्याला रंग गेल्यानंतरचा सुगरण नर कशावरून ओळखला हे चार वाक्यांत कारणांसह लिहिता आले, त्याला आफ्रिकेतील बिनशेपटीचा व्हायडाही ओळखता येईल.